आवाज बसतो तेव्हा घशात नेमकं काय बसतं? (तालमीच्या जागी लावायचा कागद)

स्वरांगी

जुलै लागला की मुठेच्या पात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो, एकांकिकांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि साठ मुलांच्या गलक्यावर आवाज चढवणाऱ्या बाईंचा घसा महिनाभरात घोगरा होतो. या सगळ्यांसाठी एक पानी कागद तयार करायचा आहे. तालमीच्या हॉलमध्ये, पथकाच्या मांडवात, शिक्षकांच्या खोलीत भिंतीला लावता येईल असा. त्यात काय असावं हे ठरवायला हा धागा काढते आहे. कान-नाक-घसावाले, पॅथॉलॉजीवाले, भूलतज्ज्ञ, गाणं शिकवणारे असे इथे बरेच जण आहेत, सगळ्यांनी लिहावं.

आवाज बसतो तेव्हा बहुतेक वेळा बिघडतं ते स्वरयंत्राचं आतलं अस्तर. कंठमण्याच्या मागे कूर्चांची एक पेटी आहे, ती आतून ओल्या, गुलाबी अस्तराने मढवलेली आहे. पेटीतलं बरंचसं अस्तर श्वासनलिकेसारखंच: उभट पेशी, त्यांच्यावर सतत हलणारी सूक्ष्म केसाळ लव, मध्ये मध्ये चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी. पण स्वरतंतूंच्या कडा जिथे एकमेकींवर आपटतात तिथे ही नाजूक व्यवस्था टिकणार नाही. तिथे चपट्या पेशींचे थर असतात, गालाच्या आतल्या बाजूला असतात तसे. या कडेवर लव नाही आणि ग्रंथीही नाहीत. तिला ओलावा मिळतो तो मुख्यतः वरून. आवाज काढणारे खरे स्वरतंतू आणि त्यांच्या वरच्या दोन घड्या, म्हणजे खोटे स्वरतंतू, यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खाच असते, तिथल्या ग्रंथी कडेवर वंगण सोडतात.

चपट्या पेशींच्या खाली जेलीसारखा मऊ थर आहे. त्याला राइन्केची जागा म्हणतात. त्याखाली लवचीक तंतूंचा थर, मग चिवट तंतूंचा, आणि तळाशी स्नायू. दूध तापवून निवायला ठेवलं की वर साय धरते. कडेने हलकी फुंकर घाला. साय सरकते, तिच्यावर लाट उठते, खालचं दूध तिला सरकू देतं. स्वरतंतूवर अगदी हेच होतं. फुप्फुसातून आलेल्या हवेने वरचं अस्तर जेलीवरून सरकतं, खालून वर लाट जाते, त्या लाटेचा आवाज होतो. वरचं आवरण वेगळं आणि आतलं अंग वेगळं, ही मांडणी जपानच्या हिरानो यांनी १९७४ साली केली, आणि आजची आवाजाची शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे.

बायकांच्या बोलण्यात ही लाट सेकंदाला साधारण २०० ते २२० वेळा उठते, पुरुषांत १०० ते १२५. २२० ने हिशोब केला तर नुसत्या उच्चाराच्या एका तासात ७ लाख ९२ हजार वेळा दोन्ही कडा एकमेकींवर आदळतात.

आता माझे प्रश्न. कागदावर कोणते आजार नावानिशी घ्यायचे? घरगुती उपायांपैकी काय ठेवायचं? आणि मुख्य म्हणजे आवाज बसल्यावर किती दिवस वाट पाहायची?

कानाकोपरा

उत्तम विषय. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बाजूने लिहितो. कोणता आजार अस्तरावर कुठे बसतो, हे कळलं की निम्मं निदान होतं.

गाठी, म्हणजे नोड्यूल, दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात. जागा ठरलेली: पुढचा एक तृतीयांश आणि मधला एक तृतीयांश यांच्या सांध्यावर. कडेचा जो भाग थरथरतो त्याचा हा मध्य, म्हणून आपटण्याचा जोर तिथे सर्वांत जास्त. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे हे घट्टे. कुदळ सोडली की तळहात मऊ होतो, तसं आवाज वापरण्याची पद्धत सुधारली की बहुतेक गाठी विरतात. यावर पहिला इलाज थेरपी, चाकू नाही.

पॉलिप सहसा एकाच बाजूला. एखाद्या दिवशी जिवाच्या आकांताने ओरडलं, जेलीतली बारीक रक्तवाहिनी फुटली, रक्त साकळलं आणि त्याचा फुगा झाला. हा थेरपीने जातोच असं नाही, मोठा असेल तर काढावा लागतो.

सिस्ट, म्हणजे स्रावाने भरलेली बारीक पिशवी, अस्तराखाली असते. वरून गाठीसारखी दिसते, त्यामुळे कित्येकदा महिनोन्‌महिने गाठ समजून उपचार चालतात. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात लाट सावकाश दाखवणाऱ्या तपासणीत, फरक कळतो: मऊ गाठीवरून लाट बऱ्यापैकी पुढे जाते, सिस्टवर येऊन थांबते.

राइन्केचा सूज-आजार बहुतेक सगळा सिगारेटचा. जेलीची जागा पाण्याने भरते, दोन्ही स्वरतंतू फुगलेल्या पिशव्यांसारखे लोंबतात, आवाज खाली उतरतो. फोनवर बाईंना 'दादा' म्हटलं जातं ते यातच. थायरॉइड मंदावल्यानेही अशी सूज येते, म्हणून रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासायचं. सिगारेट चालू ठेवून ऑपरेशन केलं तर सूज परत भरते.

पांढरा डाग हा आजार नाही, वर्णन आहे. त्याखाली साधा जाडपणा असेल, कर्करोगाकडे झुकलेला बदल असेल किंवा कर्करोगच असेल. नजरेने ठरत नाही, तुकडा तपासावा लागतो.

ढोल_ध्वज

पथकाच्या बाजूने लिहितो. सरावात ओरडणारे मोजके असतात: हात बदलायला सांगणारा, रांगा लावणारा आणि नव्या पोरांना ताल समजावणारा. ढोल चालू असताना कानाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत वर वर जातो. उपाय सोपा आहे आणि जी पथकं तो पाळतात तिथे फरक दिसतो. ताल बदलायला शिट्टी, थांबायला ध्वज आडवा, उरलेल्या सूचना ढोल पूर्ण थांबल्यावर आणि सगळ्यांना जवळ बोलावून. कागदावर हे पहिलं घाला.

पात्रातल्या धुळीचं काय? आणि सगळे विचारतात ते गुळण्या, मध, ज्येष्ठमध, वाफ. हे एकदाचं सांगून टाका.

स्वरांगी

@ढोल_ध्वज, शिट्टी आणि ध्वज कागदाच्या माथ्यावर. यापेक्षा चांगला उपाय माझ्याकडे नाही.

गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसका लागून जीव घाबरा होईल. गुळण्या पडजिभेच्या आसपासच्या घशाला आराम देतात, तो आराम खराच असतो, पण आवाजाच्या कडेला त्याचा थेट उपयोग नाही. मधाचंही तेच. गिळताना घास स्वरयंत्राच्या मागून आणि बाजूंनी अन्ननलिकेत उतरतो आणि त्या क्षणी स्वरयंत्र वरून झाकलेलं असतं. प्यालेलं पाणीसुद्धा कडेवरून जात नाही. ते रक्तात जाऊन, ग्रंथींमधून, मग कडेवर येतं. म्हणजे प्रयोगाच्या आधी पाच मिनिटं घटाघटा प्यायलेली बाटली त्या प्रयोगाच्या कामाची नाही, सकाळपासून घोटघोट प्यायलेलं पाणी कामाचं.

कडेवर थेट पोचते ती श्वासातली हवा. म्हणून वाफेचा ओलावा पोचतो. धूळही तशीच पोचते. पात्रात सराव करताना नाकाने श्वास घ्यावा, नाकात हवा गाळली जाते, ओली होते. सरावाआधी जमिनीवर पाणी मारता आलं तर मारा.

कानाकोपरा

वाफेबद्दल एक जोडा. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन डोक्यावरून टॉवेल, हे नको. पातेलं कलंडून भाजण्याचे अपघात होतात, आणि त्यात मुलं असतात. वाफ घ्यायचीच असेल तर पातेलं टेबलावर, तोंड हातभर लांब, पाच मिनिटं, साधं पाणी. निलगिरीचे थेंब, बाम काही नको, सुजलेल्या अस्तराला ते झोंबतं.

वैद्य_नारायण

ज्येष्ठमधाची बाजू मी मांडतो. स्वर्य, म्हणजे आवाजाला हितकर, द्रव्यांमध्ये त्याला आयुर्वेदशास्त्रात मान आहे. तोंडात काडी धरली की लाळ सुटते, माणूस वारंवार गिळतो आणि खाकरणं कमी होतं. कोरड्या घशाला इतकं पुरे आहे. कागदावरून काढून टाकू नका.

कानाकोपरा

काढायला नको, मर्यादा लिहू. त्यातल्या ग्लिसिरायझिनने मीठ आणि पाणी शरीरात साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. ज्यांना दाब आहे, जे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी रोज काडी चघळू नये.

वैद्य_नारायण

मान्य. 'रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यांना विचारून' असं लिहा. आणि खाकरणं थांबवा हे ठळक लिहा, ज्येष्ठमधापेक्षा ते महत्त्वाचं.

रियाजी

खाकरण्याबद्दल +१. खाकरताना दोन्ही कडा जोरात घासतात, सूज वाढते, सुजेने परत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, माणूस परत खाकरतो. त्याऐवजी पाण्याचा घोट, किंवा थुंकी गिळून हलका हुंकार.

ज्याला सवय सुटत नाही त्याला कारण सांगा. श्वासनलिकेतली लव खालून वर कफ ढकलत आणते. स्वरतंतूंच्या कडेवर लव नाही, म्हणून कफाचा हा रस्ता मागच्या बाजूने, दोन छोट्या कूर्चांच्या मधल्या भागातून जातो आणि मग आपण तो न कळत गिळतो. धूम्रपानाने ही लव झडते, तिच्या जागी चपट्या पेशी येतात आणि कफ तिथेच तटतो. विडी ओढणाऱ्यांचं सकाळचं खाकरणं यातून येतं.

अवांतर, पण राहवत नाही. जिवंत माणसाच्या घशातले स्वरतंतू नीट पाहून त्यांचं काम टिपणारा पहिला माणूस वैद्य नव्हता, गाण्याचा शिक्षक होता. मॅन्युएल गार्सिया, साल १८५४. लांब दांड्याचा दंतवैद्याचा आरसा घशात, दुसऱ्या आरशाने त्यावर पाडलेलं ऊन, आणि स्वतःच स्वतःचे स्वरतंतू पाहणं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने ते मांडलं. आपल्या पेशाला याचा अभिमान वाटायला हवा.

नाट्यमंच

आवाज बसलाय, उद्या प्रयोग आहे, मग दिवसभर कुजबुजत बोलायचं. एकांकिकेच्या ग्रुपमध्ये हे सर्रास चालतं. ते बरोबर का?

स्वरांगी

नाही. दाबून केलेल्या कुजबुजीत बहुतेकांचे खोटे स्वरतंतूही आवळले जातात, म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली घशाला वेगळाच पीळ पडतो. काहींच्या बाबतीत तसं होत नाही, पण बाहेरून ते ओळखता येत नाही. एक तर गप्प राहा, नाही तर हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मऊ, खऱ्या आवाजात बोला.

आणि बोलता बोलता किंवा ओरडताना आवाज एका क्षणात गेला तर तो प्रयोग सोडा. कडेत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्यावर बोलत राहिलं तर पॉलिप किंवा कायमचा व्रण. पूर्ण मौन, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने तपासणी. अशा वेळी स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत, रक्त गोठायला वेळ लागतो.

काचपट्टी

तुकडा तपासणाऱ्यांच्या बाजूने. स्वरतंतूचा तुकडा मोहरीएवढा येतो. तो तसाच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला की आक्रसून गुंडाळी होते. मग मेणात कसाही बसतो, काप तिरपा जातो आणि पेशींचे थर आडवे कापले जातात. तिरप्या कापात साध्या जाड अस्तराची टोकं खालच्या थरात सुटी बेटं असल्यासारखी दिसतात आणि कर्करोग खाली घुसल्याचा भास होतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: तुकडा गाळणकागदाच्या चतकोरावर अस्तराची बाजू वर करून पसरायचा, अर्धा मिनिट चिकटू द्यायचा आणि कागदासकट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये सोडायचा. फॉर्मवर बाजू, जागा, तंबाखू, आणि आधी तुकडा घेतला असेल तर तेही लिहायचं.

उलटी चूकही होते. तुकडा फार उथळ घेतला तर वरचा जाड थर येतो आणि खालचा रोग राहून जातो. जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक हे इतिहासातलं मोठं उदाहरण. १८८७ मध्ये घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी त्याच्या स्वरतंतूचे तुकडे काढले, पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विरशॉ यांनी तपासले, त्यांत कर्करोग सापडला नाही. ऑपरेशन लांबलं. १५ जून १८८८ रोजी, ९९ दिवस राज्य करून, सम्राट स्वरयंत्राच्या कर्करोगानेच गेला. 'तुकड्यात कर्करोग नाही' याचा अर्थ 'या तुकड्यात नाही' एवढाच. डाग वाढतोय, स्वरतंतूची हालचाल मंदावते आहे, तर परत तुकडा घ्यायचा.

आपल्याकडे आणखी एक नाव कागदावर यायला हवं: क्षयरोग. स्वरयंत्राच्या क्षयात अस्तर लाल, खडबडीत, व्रण पडलेलं असतं आणि ते हुबेहूब कर्करोगासारखं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फसगत होते, कारण क्षयाच्या दाण्यांवरचं अस्तर इतकं खोल वाढतं की घाईत कर्करोग म्हणून रिपोर्ट जाऊ शकतो. म्हणून क्षयाची शंका असेल तर दोन तुकडे घ्या. एक फॉर्मेलिनमध्ये आणि एक सलाईनमध्ये, जीनएक्स्पर्ट (क्षयजंतूंच्या जनुकांची चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाहीत.

कानाकोपरा

@काचपट्टी, गाळणकागदाचं वाक्य प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये लावायला हवं.

क्षयाची खूण सांगतो: घोगरेपणासोबत गिळताना सणकून दुखणं, वजन उतरणं, खोकला. अशा वेळी छातीचा एक्स-रे आणि थुंकी आधी. निदान झालं की क्षयाची नेहमीची सहा महिन्यांची औषधं, आणि आवाज बहुतेकदा परत येतो.

बाळगुटी

मुलांचा विषय अजून कुणी काढला नाही. मोठ्यांत अस्तर सुजलं तर आवाज जातो, बाळात श्वास जातो. स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड कूर्चेचं पूर्ण कडं आहे. सूज बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही, आतच येते. लहान बाळाची वाट ४ मिमी धरा. चहूबाजूंनी १ मिमी सूज आली की उरते २ मिमी. क्षेत्रफळ चौथाईवर येतं आणि शांत, सरळ वाहणाऱ्या हवेचा अडथळा १६ पट होतो.

क्रूप म्हणजे हेच. सहा महिने ते तीन वर्षं हे मुख्य वय. आधी सर्दी, मग मध्यरात्री कुत्रा भुंकल्यासारखा खोकला, श्वास आत घेताना घर्र आवाज. इलाज म्हणजे डॉक्टरांनी द्यायचा डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचा एकच डोस, वजनाच्या किलोला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम, आणि त्रास जास्त असेल तर ॲड्रेनलिनची वाफ. या वाफेचा असर दोनेक तासांत ओसरतो, म्हणून लगेच घरी पाठवायचं नाही.

मूल शांत बसलेलं असतानाही घर्र आवाज येतोय, छाती आत ओढली जातेय, लाळ गळतेय, ते पुढे वाकून बसलंय, तर घशात चमचा घालून पाहू नका, आडवं झोपवू नका, रडवू नका. कडेवर घेऊन सरळ रुग्णालय. एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, सुजला असेल तर चमच्याने वाट पूर्ण बंद होऊ शकते. याला मुख्यतः कारण असलेल्या हिब जंतूची लस आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीत असते.

नाट्यमंच

पाच वर्षांच्या मुलाचा आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहतो, तेही ओरडण्यानेच का?

बाळगुटी

बहुतेक वेळा हो, ओरडण्याच्या गाठी. पण वाढत जाणारा घोगरेपणा आणि सोबत श्वासाचा आवाज असेल तर पॅपिलोमा नाही ना, हे पाहावंच लागतं. एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंचे तुऱ्यासारखे मस्से. चपट्या आणि लवदार अस्तराचा जिथे सांधा असतो तिथे ते आवडीने वाढतात. ऑपरेशनने काढले तरी आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात विषाणू दबा धरून असतो, म्हणून परत परत काढावे लागतात. ऑस्ट्रेलियात ६ आणि ११ धरून चार प्रकारांची लस सरसकट दिल्यावर मुलांतला हा आजार घटला. आपल्या पुण्यात बनणारी, २०२३ मध्ये बाजारात आलेली सर्व्हाव्हॅक हीसुद्धा ६, ११, १६, १८ अशा चार प्रकारांची लस आहे. मुलींच्या लसीचा हा दुसरा फायदा लोकांना सांगावा.

वायुमार्ग

भूलतज्ज्ञांचा मुद्दा. भूल देताना श्वासासाठी घातलेली नळी स्वरतंतूंमध्ये मागच्या बाजूला टेकते. तो मागचा भाग कूर्चेचा, आणि कूर्चेवरचं अस्तर फार पातळ, खाली उशीच नाही. नळी मोठी असेल, हलत राहिली, बरेच दिवस राहिली, की तिथे व्रण पडतो आणि भरताना लाल मांसाचा गोळा होतो. ग्रॅन्युलोमा म्हणतात तो. नळी निवडताना आतला व्यास बायकांना ७ मिमी, पुरुषांना ७.५ ते ८, आणि नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंमी पाण्याइतका, मोजून. बोटाने दाबून अंदाज घेणं पुरेसं नाही. कागदावर एवढंच लिहा: ऑपरेशननंतर आवाज एक-दोन दिवस घोगरा असणं समजण्यासारखं, आठवडाभर राहिला तर सांगा.

पाटीवाला

वैद्यक माझा प्रांत नाही, शब्दांवर बोलतो. 'स्वरतंतू' म्हटलं की तंबोऱ्याची तार डोळ्यांपुढे येते आणि लोकांना वाटतं तार तुटली, तार सैल झाली. वर वाचलं ते पाहता ही तार नाही, ओल्या अस्तराची घडी आहे. 'स्वरघडी' का म्हणू नये?

रियाजी

'स्वरघडी' छान आहे, पण भिंतीवर वाचणारा तिथेच अडेल. रूढ शब्द ठेवून पुढे एक वाक्य जोडा: 'स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, मऊ अस्तराच्या दोन घड्या.' सायीचं उदाहरणही ठेवा. मुलांना ते पटकन कळतं.

व्यायाम एकच द्या, पण नीट. ग्लासात निम्मं पाणी, त्यात साधी स्ट्रॉ दोन-तीन सेंमी बुडवायची, ओठ घट्ट मिटून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. गाल सैल, खांदे खाली. आधी एकाच सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. दोन ते तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. समोरच्या अडथळ्यामुळे मागे दाब राहतो, कडा एकमेकींवर जोरात आपटत नाहीत, हळुवार टेकतात. बुडबुडे तुटक आले तर श्वास ढकलला जातोय. घशात ताण जाणवला तर स्ट्रॉ जास्त खोल गेली आहे.

पेठेतला_वाचक

पित्ताचं कुणीच बोललं नाही! घशाशी काही अडकलं म्हटलं की पित्ताच्या गोळ्या लिहून मिळतात.

कानाकोपरा

मुद्दाम थांबलो होतो, कारण यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पोटातलं आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस वर येऊन मागच्या भागाचं अस्तर जाड, लाल करू शकतं हे खरं. पण दुर्बिणीत दिसणारी लाली धडधाकट माणसांतही दिसते. तेवढ्यावर निदान ठोकू नये. ब्रिटनमधल्या ३४६ रुग्णांच्या चाचणीत, निकाल २०२१, घशाच्या जुन्या तक्रारींसाठी लॅन्सोप्रॅझोल ही पित्ताची गोळी ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोळा आठवडे दिलं. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

वैद्य_नारायण

इथे मी पूर्ण सहमत नाही. ज्यांना स्पष्ट जळजळ आहे, आंबट ढेकर येतात, त्यांना उपचाराने घशालाही बरं वाटतं.

कानाकोपरा

त्यांना द्यावंच. माझा आक्षेप जळजळ नसताना नुसत्या 'काहीतरी अडकलंय' यावर महिनोन्‌महिने गोळ्या देण्याला आहे. आणि दुर्बीण न घालता दिलेल्या गोळीला तर जास्तच, कारण तिच्या आड खरा रोग वाढतो. कागदावर गोळी नको, सवयी लिहू: रात्री तालमीनंतर भुर्जीपाव खाऊन लगेच आडवं होऊ नका, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. ज्यांना त्रास आहे त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंमीचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उश्या वाढवल्या की पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो.

ढोल_ध्वज

दम्याचा पंप घेणारी पोरं आहेत पथकात. पंपाने आवाज बसतो म्हणून दोघा-तिघांनी सोडलाय.

वायुमार्ग

सोडू देऊ नका. स्टेरॉइडच्या पंपाने आवाज घोगरा होऊ शकतो आणि कधी कधी अस्तरावर बुरशीचे पांढरे ठिपकेही येतात. पण दम्याचा झटका त्याहून कितीतरी वाईट. पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावायचा, औषध घेतल्यावर चूळ भरून, गुळणी करून थुंकायचं. तरी आवाज सुधारला नाही तर डॉक्टर औषध किंवा पंपाचा प्रकार बदलून देतात. हे कागदावर नक्की हवं.

स्वरांगी

आता मूळ प्रश्न. किती दिवस थांबायचं? सर्दीतला आवाज एक-दोन आठवड्यांत सुटतो. त्यापुढे कागदावर आकडा कोणता?

कानाकोपरा

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांत दुर्बिणीने तपासण्याआधी तीन महिने थांबायची मुभा होती, २०१८ मध्ये ती चार आठवड्यांवर आणली. ब्रिटनमध्ये तीन आठवड्यांचा आकडा रूढ आहे. कागदावर तीन आठवडे लिहा. लोक त्यात एक आठवडा घालणारच.

घाई का, तेही सांगा. स्वरतंतूच्या कडेवरचा कर्करोग एक-दोन मिलिमीटरचा असतानाच लाट अडवतो, आवाज लगेच बिघडतो. आणि या कडेत लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कर्करोग पसरतो त्या बारीक वाहिन्या, फार विरळ, म्हणून तो मानेच्या गाठींत उशिरा जातो. एकाच स्वरतंतूवर असताना पकडला तर लेसर किंवा किरणोपचार, दोहोंपैकी एकाने साधारण दहापैकी नऊ जणांत तिथला रोग आटोक्यात येतो. शरीर इतकी लवकर हाक देतं असे कर्करोग थोडे. उलट स्वरतंतूंच्या वरच्या अस्तरात लसीकावाहिन्या दाट आहेत आणि तिथला रोग आवाज बिघडवत नाही. तो गिळताना टोचतो, एका कानात दुखतं, मानेत गाठ येते. म्हणून आवाज नीट असला तरी या तीन खुणा कागदावर हव्यात.

पेठेतला_वाचक

दुर्बिणीची लोकांना धास्ती असते. तपासणीत काय करतात तेही दोन ओळींत लिहाल का?

कानाकोपरा

खुर्चीत बसवतात, घशात सुन्न करणारा फवारा मारतात, जीभ गॉजमध्ये धरून पुढे घेतात, दुर्बीण पडजिभेजवळपर्यंत जाते आणि 'ई' म्हणायला सांगतात. 'ई' म्हटलं की जीभेचं मूळ पुढे सरकतं आणि स्वरतंतू उघडे दिसतात. ज्यांना उमासे येतात त्यांच्या नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालतात. एक-दोन मिनिटांचं काम. त्यानंतर घसा सुन्न असेपर्यंत, म्हणजे तासभर, खाणंपिणं नको, ठसका लागतो.

अस्तर स्वच्छ दिसलं पण एक स्वरतंतू हलतच नाही, असंही होतं. तेव्हा रोग मज्जातंतूच्या वाटेवर शोधावा लागतो. डावा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालून वर येतो, म्हणून फुप्फुसातली गाठसुद्धा पहिल्यांदा आवाजात कळू शकते. अशा वेळी छातीपर्यंतचा सीटी स्कॅन.

स्वरांगी

सगळ्यांचं घेऊन मसुदा करते आहे, दुरुस्त्या सुचवा.

'स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, मऊ ओल्या अस्तराच्या दोन घड्या. दुधावरच्या सायीसारख्या त्या थरथरतात, तोच आवाज. ढोल किंवा गोंगाट चालू असताना ओरडू नका, शिट्टी आणि ध्वज वापरा. सकाळपासून घोटघोट पाणी प्या. खाकरू नका, गिळा. कुजबुजू नका. आवाज एका क्षणात गेला तर मौन, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. दम्याचा पंप बंद करू नका, स्पेसर लावा, चूळ भरा. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर दुर्बिणीने तपासा. सिगारेट, विडी, तंबाखू, दारू असेल, गिळताना किंवा एका कानात दुखत असेल, थुंकीतून रक्त आलं, मानेत गाठ लागली, वजन उतरलं तर तीन आठवडे थांबू नका. श्वास घेताना घर्र आवाज येत असेल तर आत्ता, याच क्षणी रुग्णालय.'

काचपट्टी

शेवटचं वाक्य सर्वांत वर घ्या, मोठ्या अक्षरांत. खालपर्यंत कोण वाचेल सांगता येत नाही.

पाटीवाला

'दुर्बिणीने तपासा' याऐवजी 'कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या'. नाहीतर मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघत बसतील.

ढोल_ध्वज

दोन्ही बदल करून फाइल टाका. रविवारपर्यंत छापून घेतो. पात्रात पाऊस असतो, साध्या कागदाचा लगदा होईल. लॅमिनेट करून, चार कोपऱ्यांना भोकं पाडून, ध्वजाच्या काठीशेजारी बांधतो.